गुडवुड, मँक्स, वागातोर की जुलैचा रविवार? खान्देशातल्या जुन्या गाडीवाल्यांनी कुठे जावं

खान्देशात जावा, येझदी, राजदूत, बुलेट अशा जुन्या मोटारसायकली जिवापाड सांभाळणारी मंडळी गावोगाव आहेत. चार जण एकत्र आले आणि ‘यंदा जुन्या गाड्यांच्या मेळ्याला जाऊ’ असं कोणी म्हणालं, की वाद ठरलेला. एकाला इंग्लंडची खरी शर्यत बघायची असते. दुसऱ्याला गोवा बरा वाटतो. येझदीवाले नाना म्हणतात, आपली गाडीच सोबत नसेल तर जायचं कशाला? तिघांचंही बरोबर आहे, कारण तिघांना तीन निरनिराळ्या गोष्टी हव्या आहेत. शर्यत बघायची, स्वतःची गाडी चालवायची की सुटे भाग शोधायचे, हे गटाने आधी ठरवावं. एका फेरीत तिन्ही साधायला गेलात तर पैसे जातात आणि कोणाचंच समाधान होत नाही.

शर्यतच बघायची असेल तर परदेशाचा विचार करावा लागतो. आपल्याकडे मद्रासकडच्या शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवरच्या शर्यतींचा एक काळ होता. पुढे मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक झाला. पण पन्नास-साठच्या दशकातल्या गाड्या पूर्ण जोर लावून पळताना बघायच्या, तर दोन नावं आधी येतात : इंग्लंडमधला गुडवुड रिव्हायव्हल आणि आयल ऑफ मॅन बेटावरची मँक्स ग्रांप्री.

गुडवुड दक्षिण इंग्लंडमध्ये चिचेस्टर गावाजवळ आहे. तिथला ट्रॅक १९४८ मध्ये सुरू झाला आणि १९६६ मध्ये तिथल्या शर्यती थांबल्या. १९९८ पासून दर सप्टेंबरला तीन दिवस तोच काळ पुन्हा उभा केला जातो. गाड्या त्या काळातल्या, फलक त्या काळातले, बघायला येणारेही त्या काळातले कपडे घालून येतात. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार होतात त्या भागात शिरायचं तर पुरुषांना कोट-टाय हवाच. एक फेरी जेमतेम ३.८ किलोमीटरची, त्यामुळे नजरेआड गेलेली गाडी दीडेक मिनिटात पुन्हा समोर येते. बायको-मुलांना घेऊन जायचं असेल, गटात मोटारींचेही शौकीन असतील, तर गुडवुडला तोड नाही.

पण गुडवुड मुळात मोटारींचा मेळा आहे, हे लक्षात घ्या. दुचाकींच्या वाट्याला त्यातला छोटा भाग येतो. त्या भागाची ओढ मात्र मोठी आहे. बॅरी शीन १९७६ आणि १९७७ चा ५०० सीसीचा जगज्जेता. २००२ मध्ये कॅन्सर झालेला असताना तो गुडवुडला आला, मँक्स नॉर्टन या जुन्या ब्रिटिश शर्यतीच्या गाडीवर बसला आणि जिंकला. पुढच्या मार्चमध्ये तो गेला. नंतर तिथल्या दुचाकी शर्यतीला त्याचं नाव दिलं गेलं. तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी त्या वर्षीच्या कार्यक्रमात दुचाकींची शर्यत कोणत्या दिवशी आहे ते बघा आणि तो दिवस धरूनच तिकीट काढा.

आयल ऑफ मॅनची गोष्टच वेगळी. इथे बंदिस्त ट्रॅक नाही. रोजच्या वापराचा रस्ता काही तास कायद्याने बंद करतात आणि त्यावर शर्यत होते. डोंगरावरून, गावांमधून, घरांच्या कुंपणांना खेटून जाणारी एक फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे ६०.७ किलोमीटरची. जळगावहून निघून एरंडोल मागे टाकावं आणि पारोळ्याजवळ पोहोचावं, तेवढं अंतर एका फेरीत. बेटावरच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यती १९०७ पासूनच्या, या डोंगरी रस्त्यावर त्या १९११ पासून होतात. मँक्स ग्रांप्रीची परंपरा १९२३ पासूनची. टीटी मे-जूनमध्ये असते. जुन्या गाड्यांच्या शर्यती ऑगस्टच्या उत्तरार्धात, मँक्स ग्रांप्रीबरोबर होतात. काही वर्षं त्यांना ‘क्लासिक टीटी’ असं वेगळं नाव होतं, त्यामुळे माहिती शोधताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

इथे शर्यत बघण्याची रीत शिकून घ्यावी लागते. स्वार एकामागून एक, दहा-दहा सेकंदांनी सुटतात. एक गाडी तुमच्यासमोरून गेली की तीच पुन्हा दिसायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणून जागा महत्त्वाची. बॅलॉ गावातला पूल उंचवट्याचा आहे, तिथे गाडीची दोन्ही चाकं जमीन सोडतात. स्वार उभा राहून गाडी हवेतच सरळ धरतो आणि मागचं चाक टेकलं की पुन्हा थ्रॉटल पिळतो. क्रेग-नी-बा इथे डोंगरावरून सरळ उतरत आलेली गाडी एकदम वळते. ब्रेक लागताना पुढचा फोर्क किती दबतो, हे तिथे रस्त्याकडेला उभं राहून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पुष्कळ ठिकाणी उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत. मात्र रस्ता एकदा बंद झाला की उघडेपर्यंत तिथेच थांबावं लागतं. पाणी आणि खाणं सोबत ठेवा. डोंगरावर धुकं उतरलं की शर्यत पुढे ढकलतात, तेव्हा परतीचं तिकीट दोन-तीन दिवस मोकळे ठेवूनच काढा.

बुलेटवाल्याला इथे काय मिळेल? मँक्स नॉर्टन ५०० सीसीची, एकाच सिलिंडरची. मॅचलेस जी५० एकाच सिलिंडरची, एजेएस ७आर सुद्धा. आपल्या जुन्या बुलेटचं इंजिनही त्याच काळातलं आणि त्याच घडणीचं, फक्त बुलेटला पुशरॉड, म्हणजे खालून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या आहेत आणि या गाड्यांचे कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आहेत. आयुष्यभर ज्या ठोक्यावर जीव जडला, तो ठोका सात हजार आरपीएमला काय होतो, हे ऐकायचं असेल तर ही जागा. १९५७ मध्ये बॉब मॅकिंटायरने याच रस्त्यावर पहिल्यांदा ताशी १०० मैलांच्या सरासरीने फेरी मारली, ती मात्र चार सिलिंडरच्या गिलेरा गाडीवर. तरी १९६१ ची सीनिअर टीटी, म्हणजे तिथली ५०० सीसीची शर्यत, माइक हेलवूडने एका सिलिंडरच्या नॉर्टनवर जिंकली.

एक गोष्ट मात्र जाण्यापूर्वी मनाशी नक्की करा. या रस्त्यावर आजवर अडीचशेहून जास्त स्वारांनी जीव गमावला आहे. इथे मोकळं मैदान नाही, दगडी भिंती आहेत. कोणाला ते बघवणार नसेल तर त्याने गुडवुडच निवडावं, त्यात कमीपणा काही नाही. माझं मत विचाराल तर ज्याचा जीव फक्त दुचाकीत आहे, त्याने आयुष्यात एकदाच परदेशी जायचं असेल तर मँक्सला जावं. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा या बेटावर चालतो. हेशॅमहून बोटीने पावणेचार तास लागतात. बोट आणि राहण्याची जागा मात्र फार आधी धरावी लागते.

अमेरिकेत अलाबामाला बार्बर व्हिंटेज फेस्टिव्हल ऑक्टोबरमध्ये होतो, त्याबद्दल थोडक्यात. शेजारीच बार्बर संग्रहालय आहे, तिथे सोळाशेहून जास्त मोटारसायकली आहेत. जुन्या सामानाचा मोठा बाजारही भरतो. तुमच्याकडे राजदूत ३५० असेल तर हे नाव टिपून ठेवा. एस्कॉर्ट्सने ती गाडी १९८३ पासून बनवली, पण तिचं मूळ यामाहा आरडी३५०, आणि ती अमेरिकेत सत्तरच्या दशकात खूप विकली गेली. आपल्या गाडीला पुढे ड्रम ब्रेक, तिकडच्या गाडीला डिस्क, एवढा फरक ध्यानात ठेवून पार्ट घ्या. नुसत्या शर्यतीसाठी एवढा लांबचा प्रवास आणि अमेरिकेचा व्हिसा, हे मला पटत नाही.

आता गोवा. नोव्हेंबरमध्ये वागातोरला बुलेट बनवणाऱ्या रॉयल एनफिल्डचा मोटोव्हर्स मेळा असतो, त्याचं आधीचं नाव रायडर मेनिया. इंडिया बाइक वीक हा दुसरा मेळा २०१३ पासून आहे, बहुतेक वर्षं गोव्यातच. दोन्हीकडे गर्दी, गाणं-बजावणं, मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती, घडवून बदललेल्या गाड्या. जुन्या गाड्या असतात, पण मेळा त्यांच्यासाठी भरलेला नसतो. बुलेटवाल्यांचं मन रमेल. १९६५ ची जावा कारखान्यातून निघाली तशी ठेवणाऱ्याला तिथे मनासारखं बोलायला माणूस कमी मिळेल.

जळगावहून वागातोर आठशे किलोमीटरच्या आसपास. टू-स्ट्रोक गाडीला हे अंतर सलग देऊ नका. गोवा एक्सप्रेस भुसावळवरून जाते, गाडी रेल्वेने पाठवायचा मार्ग चांगला आहे, पण काळजी घेतली तरच. टाकी पूर्ण रिकामी हवी, थेंबही चालत नाही. आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते. पार्सल ऑफिसबाहेरचा पॅकिंगवाला पुठ्ठा लावतो, वरून गोणपाट गुंडाळतो आणि सुतळीने करकचून आवळतो. नवीन गाडीला तेवढं पुरतं. जावाच्या टाकीवरच्या क्रोमला नाही, कारण डब्यात हलून हलून सुतळी पुठ्ठ्यातून घासते आणि क्रोमवर पांढरी रेघ कायमची उमटते. म्हणून गोणपाटाच्या आत जुनी गोधडी टाका, आरसे आणि टूलबॉक्सचे नॉब काढून स्वतःच्या पिशवीत ठेवा, आणि हेडलाइटवर पुठ्ठ्याचे दोन थर द्या. पॅकिंग होईपर्यंत तिथून हलू नका.

कागदपत्रांचं एक महत्त्वाचं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घेता येतो. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. मात्र तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्याला दर रविवारी शेतावर जावा न्यायची आहे त्याने साधं पासिंगच चालू ठेवावं. राजदूत ३५० आणि यामाहा आरएक्स१०० या ऐंशीच्या दशकातल्या, त्यांचा प्रश्न अजून येतच नाही.

आपल्या भागात तारखांचा हिशेब वेगळाच असतो, तो विसरून बुकिंग करू नका. ऑगस्टच्या शेवटी मँक्स म्हणजे श्रावण-भाद्रपदाचा मोसम. कानबाईच्या सणाला घराबाहेर राहणं अवघड, पोळ्याला बैलजोडीवाला गाव सोडत नाही, पाठोपाठ गणपती. अधिक महिना आला की हे सण पुढे सरकतात आणि कोणता सण शर्यतीवर येईल ते बदलतं. पंचांग बघून वर्ष निवडा. गोव्याच्या नोव्हेंबरात कापूस वेचणी ऐन भरात असते, मजूर मिळवण्यातच जीव जातो. गटात शेतकरी जास्त असतील तर गोवा दरवर्षी याच कारणाने बारगळतो.

राहिला जुलै. जुलैचा दुसरा रविवार जगभर जावा दिवस म्हणून पाळतात, आपल्याकडे जावा-येझदी दिवस. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ मध्ये गाड्या काढायला सुरुवात केली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. तरी मोठ्या शहरांतून त्या दिवशी या गाड्या रांगेने निघतात. शर्यत नसते, तिकीट नसतं. पेरण्या उरकलेल्या असतात, कानबाई अजून लांब असते, आणि मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन ओसरल्याने इंजिन तापून जाम होण्याची भीतीही कमी. जिथे चार माणसं ‘तुझ्या गाडीचा पॉइंट कोणी लावला?’ विचारत वाकून बघतात, जिथे किकच्याच दांड्याने गिअर टाकलेला बघून लहान पोरं डोळे मोठे करतात, तिथे आपल्या गाडीवर बसून जाण्याचं सुख गुडवुडच्या कुंपणाबाहेर उभं राहून मिळत नाही. म्हणून नानांचं म्हणणं मी खरं मानतो : गटाची पहिली वारी स्वतःच्या गाड्यांवर आणि जुलैतच व्हावी.

या पहिल्या वारीसाठी : धुळ्याहून नाशिक १६० किलोमीटर, जुना आग्रा रोड. मालेगाव ओलांडलं की चांदवडच्या अलीकडे राहुड घाट लागतो, तिथे ट्रकच्या मागे अडकून टू-स्ट्रोक तापते. घाटाआधीच सगळ्यांनी दहा मिनिटं थांबावं. सर्वांत सावकाश गाडी पुढे ठेवा, बुलेट मागे, आणि त्यामागे छोटा हत्ती. त्यात प्लग, कंडेन्सर, कॉइल, क्लच केबल, चेनलॉक, टू-स्ट्रोकचं टू-टी ऑइल आणि एक दोरखंड. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या कॉकचं आणि कार्बोरेटरचं रबर फुगवतं. पेट्रोल पाइप नवा घाला, कॉकचे वॉशर दोन जास्तीचे खिशात ठेवा, आणि परत आल्यावर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.