बारीक कामाचे ब्रश, आठ महिने घासल्यावर

मांजराच्या मिशा काढायला ब्रश हवा होता, म्हणून सगळ्यात बारीक दिसला तो सेट उचलला, त्यात ०, ०००, ५/० (पाच शून्यं) आणि एक १०/०, म्हणजे अक्षरशः चार केस; शून्यं जितकी जास्त तितका ब्रश बारीक, आणि १, २ हे ०पेक्षा जाड. आठ महिन्यांनी सांगतो, १०/० फक्त मास्किंग फ्लुइडचे (कागदाचा भाग कोरा राहावा म्हणून आधी लावायचा रबरी द्रव) ठिपके द्यायला उरलाय.

कारण सोपं आहे पण मला कळायला दोन महिने गेले. इतक्या बारीक ब्रशला पोटच नसतं, रंग धरणार कुठे? अ‍ॅक्रिलिक तर कागदापर्यंत पोचायच्या आत टोकावरच वाळतो, मग रेघ अर्ध्यात तुटते, परत बुडवा, परत तुटते, आणि जोडलेल्या जागा लगेच दिसतात. आता मिशा मी २ नंबरच्या राऊंडने (गोल, टोकदार ब्रश) काढतो, हो २ च, टोक नीट जुळणारा असला की ०००पेक्षा बारीक आणि चौपट लांब रेघ येते. फांद्या, दोऱ्या असल्या लांब रेघांना रिगर, त्याचे केस लांब असतात, जहाजाचे दोर रंगवायला वापरायचे म्हणून ते नाव. पण हात सावकाश हवा, घाई केली की वळवळतो.

नंबरवर फार जाऊ नका, एका कंपनीचा ० दुसरीच्या १ एवढा निघतो. नवीन ब्रश खळ लावून टोकदार केलेला असतो, त्यामुळे कोरडा बघून काही कळत नाही. पाण्यात बुडवून खळ काढायची, एक झटका द्यायचा, टोक आपोआप एकत्र आलं तर घ्या, फाटलं तर राहू द्या.

सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम केसांच्या ब्रशचं रडगाणं एकच, टोक आकड्यासारखं वळतं. माझा ० सहा आठवड्यांत वळला. गरम पाण्यात काही सेकंद धरून बोटांनी सरळ केला की थोडे दिवस चालतो, मग पुन्हा तेच. कोलिन्स्कीला (सायबेरियन वीझलच्या शेपटीचे केस) हा प्रयोग चुकूनही करू नका, केस खराब होतात. माझा कोलिन्स्की १ नंबर अजून पहिल्यासारखा आहे, पण तो फक्त वॉटरकलरला, अ‍ॅक्रिलिकमध्ये घालायचा जीव होत नाही.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक, रंगात ब्रश पार फेरूलपर्यंत बुडवायचो. फेरूल म्हणजे केस धरणारी ती धातूची नळी. आत रंग वाळला की केस फाकतात आणि मग टोक कायमचं गेलं, साबणाने कितीही चोळा. आता अर्ध्या केसांपर्यंतच बुडवतो, काम झालं की कोमट पाणी, साबण, बोटांनी टोक करून आडवा वाळवतो. पाण्याच्या ग्लासात उभा ठेवून चहाला जायची सवय मात्र अजून सुटली नाहीये, ५/० असाच गेला.