राजाची भाजी: कपिलतीर्थ मंडई

आमच्या राजाची भाजी मी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतूनच आणते. राजा देशी कुत्रा, आता म्हातारा झालाय, दातही कमी राहिलेत. इथं लाल भोपळ्याची फोड डोळ्यांसमोर कापून देतात, तीही हवी तेवढीच. मला हे फार सोयीचं, कारण राजाला लागतो वाफवलेल्या भोपळ्याचा दोन चमचे गर. त्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून कुत्र्याचं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, आणि तंतूंमुळे शी नीट होते. गाजर, रताळं, श्रावण घेवडाही सकाळी ताजा मिळतो. सगळं उकडायचं, मीठ नाही, फोडणी नाही. संध्याकाळी मात्र घेवडा जून निघतो, तो घेऊ नका. गाडी लावायचा त्रास आहेच.

कलेजी आमच्या मटणवाल्याकडची. अ आणि ब-12 भरपूर, म्हणूनच अगदी छोटा तुकडा, तोही कधीतरी. अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं आणि फार झालं की हाडं दुखावतात.

आणि कळकळीनं सांगते, उरलेला तांबडा रस्सा दारातल्या कुत्र्याला घालू नका हो! कांदा-लसणानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-बेदाणेही नकोत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सफरचंद चालतं, बिया काढून.

भाज्यांचा हा खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. जाल तेव्हा सकाळी जा, कापडी पिशवी घेऊन.