चपलेचा फोम आणि मास्टर चीफचं चिलखत: बेळगावात मिळणाऱ्या काळ्या शीटचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू चपलेच्या मटेरियलचा आहे खरं मी चपला करत नाही. हेलो या व्हिडिओ गेममधला सैनिक मास्टर चीफ, त्याचं चिलखत करतोय, मार्क ६ वालं, म्हणजे हेलो २ आणि ३ मध्ये दिसतं ते, हिरवं आणि सोनेरी काचेचं. त्यासाठी गेल्या आठ महिन्यांत खडे बाजारच्या बाजूच्या एका बोळातल्या दुकानातनं काळ्या ईव्हीए फोमचे (चपलेत घालतात तो रबरासारखा हलका फोम) सात शीट उचललेत. दुकानाचं नाव टाकत नाही, काकांना विचारलं तर "कशाला बाबा, राहू दे" म्हणाले, आणि गर्दी झाली की भाव वाढणार हे पण आलंच. सोल, अंगठे, बक्कल, रेक्झिनचे गठ्ठे टांगलेलं दुकान दिसलं की आत शिरा, साधारण तिथंच हा माल असतो.

सुरुवातीला मी पण सगळे करतात तेच केलं, ऑनलाइन 'कॉस्प्ले फोम' (कॉस्प्ले म्हणजे गेम-सिनेमातल्या पात्रांचा पोशाख करून घालणं) म्हणून मागवला. आला तो घडी घालून. घडीची रेघ शेवटपर्यंत गेली नाही, हीट गन मारली, वजन ठेवलं, गादीखाली घातला, काही उपयोग नाही, आणि पैसे इथल्या दुप्पट. मग लहान पोरांच्या खोलीत अंथरतात ती कोड्यासारखी दातेरी मॅट आणून बघितली, ती एका बाजूला खरखरीत असते आणि दाते कापून टाकले की हातात उरतं काय. योगा मॅटच्या नादाला तर लागूच नका, त्यातल्या बऱ्याच पीव्हीसीच्या असतात, पीव्हीसी तापवली की जो धूर निघतो तो छातीत जाणं बरं नव्हे.

निपाणीकडचा एक मित्र आहे, त्याच्या मामांचं चपलांचं काम. तो म्हणाला, "अरे तू जो शोधूलास तो इनसोलचा फोमच की बे." डोक्यात उजेडच पडला. कोल्हापुरी म्हणतात खरं ती काय एकट्या कोल्हापूरची नाही, २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे, आणि अथणीची चप्पल माहीत नाही असा माणूस इकडं नसेल. अस्सल कोल्हापुरीत फोम नसतो, ती चामड्याची, खरं आजकाल गिऱ्हाईकाला पायाखाली मऊ लागतं म्हणून आत पातळ थर घालून विकतात. त्यामुळं फोम, चिकटवायचं सोल्यूशन, कापायची रापी हे सगळं या भागात कायम मिळतं. परदेशातली पोरं जे सामान खास दुकानातनं मागवतात ते आपल्याकडं चपलांच्या बोळात पडलंय.

आता मालाबद्दल. काकांना पहिल्यांदा मोठ्या थाटात विचारलं, डेन्सिटी किती? काका म्हणाले, कडक पाहिजे की मऊ. बस्स, दोनच प्रकार. मग घरी येऊन आईचा केकचा डिजिटल काटा घेतला आणि ३० बाय ३० सेंटीमीटरचा तुकडा कापून ठेवला. १० एमएम जाडीचा एवढा तुकडा म्हणजे ९०० घन सेंटीमीटर, त्याचं वजन ९० ग्रॅम भरलं की डेन्सिटी १०० किलो प्रति घनमीटर, हिशोब सोपा आहे. माझा 'मऊ' भरला ८४ ग्रॅम, म्हणजे ९३ च्या आसपास, चिलखताच्या मोठ्या पाट्यांना एकदम बरोबर. 'कडक' भरला १६० ग्रॅम. तो सोलचा, त्याला हीट गननं कितीपण तापवा, छातीचा गोलवा काय येत नाही, सोडला की परत सरळ. ६० च्या खाली गेलं तर उलटी गंमत, अंगठा दाबला की खड्डा, आणि पॉलिश पेपर मारला की भुगा पडायच्या ऐवजी लोंबायला लागतं.

इथंच तक्रार आहे. तिसऱ्या वेळी त्याच दुकानातनं, त्याच काकांनी, 'मऊ' म्हणूनच दिलेला शीट ६१ ग्रॅम भरला. परत नेला तर काका म्हणाले, "माल तसाच आला बघ यंदा." बदलून दिला खरं, भांडले नाहीत. तेव्हापासनं काटा पिशवीत घालूनच जातो. दुकानातला पोरगा मला बघितलं की "बंदा नोडु तराजू" म्हणतो, आला बघ तराजूवाला. म्हणू दे.

जाडीचं पण तसंच. मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे त्यामुळं जाडी मोजायचं व्हर्नियर हाताशी असतं. (फोमवर व्हर्नियर आवळायचं नाही, नुसतं टेकवायचं, नाहीतर फोम दबतो आणि रीडिंग कमी येतं.) १० एमएम म्हणून घेतलेला शीट कुठं ९.१ तर कुठं ९.४, सहाचा साडेपाचच्या जरा वर. मोठा ठोकळा करून त्याचे काप काढतात ना, त्यात एवढं तेवढं होणारच. छातीच्या पाटीला काही फरक पडत नाही, खरं हेल्मेटला वीस-पंचवीस तुकडे एकाला एक जोडायचे असतात, प्रत्येक सांध्याला अर्धा एमएम सरकला की शेवटचा तुकडा बसतच नाही. म्हणून हेल्मेटचे सगळे तुकडे एकाच शीटमधनं काढा, अर्धं यातनं अर्धं त्यातनं असं करू नका. मी केलतं, पहिलं हेल्मेट डाव्या बाजूला कलंडल्यासारखं दिसतं, मास्टर चीफची मान अवघडलीय असं वाटतं.

रापीबद्दल लिहिलंच पाहिजे. चपलवाल्यांची रापी, ती रुंद पात्याची. काकांनीच हातात दिली, १२० रुपये. तोपर्यंत मी स्टेशनरीतल्या कटरनं कापत होतो, आणि १० एमएममध्ये कटरचं पातं आत वाकतं, वरनं रेघ सरळ दिसते आणि खालनं पोट आलेलं असतं. रापी वाकत नाही. दोन तुकडे कोनात जोडायचे असले की कडा ४५ अंशात तिरक्या कापाव्या लागतात, ते काम रापीनं एका ओढीत होतं. फक्त फोम धार खातो, बघायला मऊ आहे खरं पाच-सहा काप झाले की पातं बोथट, दगडावर दोन हात मारायचे आणि परत सुरू. कामगाराला रापी धरताना एकदा बघून या, ती स्वतःकडं ओढायची की पुढं ढकलायची यावरच सगळं आहे आणि ते लिहून समजत नाही.

गेमसारखं हुबेहूब करायचं म्हणजे नेमकं काय, यात माझे तीन महिने गेले. हेलो ३ मध्ये थिएटर मोड आहे, खेळून झालं की तेच परत लावून कॅमेरा पाहिजे तिथं फिरवता येतो, त्यातनं मांडीच्या मागचे, काखेखालचे फोटो काढले, जे खेळताना कधी दिसत नाहीत. तेव्हा कळलं की गेममधल्या बऱ्याच खाचा खऱ्या खाचा नसतातच, वरनं चढवलेल्या चित्रानं तसा भास होतो. मग आपण ठरवायचं, ही रेघ कोरायची की रंगवायची. कोरायची असली तर रापीच्या टोकानं दोन-तीन एमएम खोल नुसती चीर द्यायची आणि वरनं हीट गन फिरवायची, चीर आपोआप फाकते आणि खाच तयार. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी आईला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, "चपलांचा कारखाना काढलास होय?"

मापाचं दुखणं वेगळंच. मास्टर चीफ चिलखतासकट सात फुटांच्या आसपास, मी पाच फूट सहा इंच. सगळं त्या हिशोबानं लहान केलं तर हेल्मेटात डोकं जात नाही, आणि हेल्मेट डोक्याच्या मापाचं केलं तर बाकीच्या अंगापुढं भोपळा दिसतो. म्हणून पायाखाली उंची वाढवावी लागते, आणि तिथं तो कडक १६० ग्रॅमवाला शीट कामाला आला, चार थर चिकटवून बुटात घातले. चपलेचा फोम शेवटी पायाखालीच गेला.

थ्रीडी मॉडेल उलगडून कागदी साचे काढायला पेपाकुरा वापरतो, जपानच्या टामा सॉफ्टवेअरचं आहे. छातीची चाळीसेक पानं होतात. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यानं प्रिंट काढताना 'पानात बसव' ऑप्शन चालूच ठेवला, पानं जराशी बारीक झाली, मला कळलं कधी तर मनगटाचं आवरण पूर्ण चिकटवून झाल्यावर. हात घातला तो बाहेर येईना. त्यात निम्मी चूक माझी पण होती, कागदाला जाडी नसते, फोमला १० एमएमची असते, म्हणजे गोल आकार झाला की आतलं भोक दोन्हीकडनं मिळून दोन सेंटीमीटर लहान होतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर रापीनं कापून हात सोडवायची वेळ आली नसती.

चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८, हे पण त्याच दुकानात मिळतं. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला चिकटायचं बंद होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग जोडायचं, आणि एकदा टेकलं की संपलं, सरकवता येत नाही. वास डोक्यात जातो, गॅसजवळ अजिबात नको, खिडकी उघडी पाहिजे. आता बेळगावच्या जुलैत खिडकी उघडी ठेवून बघा. पाऊस धो धो, हवेत नुसता ओलावा, सोल्यूशन वाळताना वर बारीक दव धरतं आणि सांधा वरवरचाच धरतो. माझा डावा खांदा दोनदा उसवला आणि त्यात फोमचा काही दोष नाही. स्प्रे रंगाचं पण तेच, पावसात मारला की पांढुरका पडतो. जून ते सप्टेंबर कापाकापी करा, रंग दसऱ्यानंतर.

रंगाआधी सगळ्या फोमवरनं हीट गन फिरवा, बारीक छिद्रं मिटतात, पृष्ठभाग जरासा चकाकला की थांबा. त्यावर पांढरा फेविकॉल पाणी घालून चार हात दिला, पाट्यांवर छान बसला खरं कोपराजवळ वाकतो तिथं तडे गेले, तिथं नुसता ॲक्रिलिकच बरा. काच म्हणून बाइकच्या हेल्मेटचा सोनेरी मर्क्युरी व्हायझर कापून बसवलाय. बाहेरनं तोडीस तोड दिसतो, आतनं संध्याकाळनंतर काही दिसत नाही, जिना उतरताना भावाचा हात धरावा लागतो.

मधेच शिवजयंतीच्या चित्ररथासाठी मंडळाच्या पोरांनी एक चिलखत आणि दोन ढाली मागितल्या. ते दरवर्षी थर्माकोल वापरतात आणि दरवर्षी कुणीतरी त्यावर स्प्रे मारतो, थर्माकोल विरघळून जाळी पडते, मग चांदीच्या कागदानं झाकाझाक. या फोमला स्प्रे आणि सोल्यूशन दोन्ही चालतं. फक्त वैशाखाच्या उन्हात दुपारभर ट्रॉलीवर उपडं ठेवलं तर चपटं होतं. झालंच.

भाव: १० एमएमचा शीट मला साडेसहाशेला पडला, सहाचा चारशेला, पूर्ण चिलखताला दहाचे चार आणि सहाचे तीन लागले, चुका धरून. पक्कं बिल मिळत नाही, चिठ्ठीवर लिहून देतात. शीट गुंडाळून सुतळीनं करकचून बांधतात, ते आधीच सांगून सैल बांधायला लावा, नाहीतर सुतळीचे वळ उठतात. नवीन शीटला वास येतो, दोन दिवस गच्चीवर टाकला की जातो. मी ५ पैकी ४ देतो, एक मार्क त्या ६१ ग्रॅमच्या शीटचा कापला.

शनिवारी परत चाललोय, हातमोज्यांवरच्या पट्ट्यांना सहा एमएमचा पाहिजे, खरं अख्खा शीट मला लागत नाही. टिळकवाडी-शहापूर बाजूला कुणाला अर्धा वाटून घ्यायचा असला तर आधी सांगा, काटा मी आणतो.