आधी रीत की आधी प्रश्न?

पुण्यातल्या शाळांमध्ये अपूर्णांकांचा भागाकार दोन तऱ्हांनी शिकवला जातो. पहिली तऱ्हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची: ‘दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा.’ एका तासात फळाभर गणितं होतात, उत्तरंही बरोबर येतात. का उलटा करायचा, हे मात्र बहुतेकांना कधी कळतच नाही.

दुसऱ्या तऱ्हेत रीत शेवटी येते. मंडईतून पाऊण किलो शेंगदाणे आणले. अर्ध्या किलोच्या किती पिशव्या भरतील? कुणी म्हणतं दीड, कुणी सव्वा. सव्वा म्हणणाऱ्या मुलाचा विचार नीट ऐकावा. एक पिशवी भरून पाव किलो उरले, म्हणून सव्वा. मग वाद होतो: उरलेला पाव हा किलोचा पाव, पण पिशवी भरते अर्धी, म्हणून उत्तर दीड! भागाकाराचं उत्तर कोणत्या मापात मोजायचं, हे या भांडणातच उलगडतं. मुलांनी असं स्वतः विचार करून ज्ञान घडवणं, यालाच आपण ज्ञानरचनावाद म्हणतो; 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचाही भर त्यावरच होता.

वेळ मात्र भरपूर लागतो, आणि पन्नास-साठ मुलांच्या वर्गात चार हुशार मुलंच बोलत राहतात, हा धोका खराच. शिवाय अगदी नवख्यांना सोडवलेली उदाहरणं अभ्यासून जास्त फायदा होतो, हे स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी 1985मध्ये बीजगणिताच्या प्रयोगांतून दाखवलं आहे.

तरी नवी संकल्पना असेल, तर मी प्रश्नानेच सुरुवात करीन. सराव दुसऱ्या दिवशी, सोडवलेल्या उदाहरणांसह.