दाढीचा साबण: वास नंतर, आधी डबी उलटी करा

मार्चमध्ये सोसायटीला पालिकेचं पाणी निम्म्यावर आलं आणि उरलेलं टँकर व बोअरवर भागायला लागलं. गीझरमध्ये क्षार, स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग, तुरीची डाळ शिजता शिजेना, इथपर्यंत ठीक होतं. पण माझ्याकडचा सगळ्यात महाग दाढीचा साबण त्याच आठवड्यात फेस देईनासा झाला, तेव्हा डोकं फिरलं. म्हणून हे एवढं लांबलचक.

ब्रश, वाटी, दुधारी ब्लेडचा रेझर यांवर लिहीत नाही, वाचणाऱ्यांना ते माहीत असणारच. हा महाग साबण म्हणजे लॅनोलिनवाली इंग्लिश चकती. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष साबणाचा नव्हता. घडलं असं: ब्रशच्या टोकाला मोठे मोठे फुगे, मुळाशी चिकट गोळा. डावा गाल उरकेपर्यंत उजव्या गालावरचा फेस विरून नुसती पांढरट रेघ उरायची. बेसिनच्या कडेला जो थर बसायचा तो पाण्याने हलत नसे, नखाने खरवडावा लागे. आता आमच्या घरी बेसिन घासण्याचं काम कायमचं माझ्याकडे आलंय.

शाळेत दुष्फेन पाणी शिकलो होतो, तेच हे. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्टिअरिक आम्लाला (तेल-चरबीतलं एक स्निग्धाम्ल) पकडतं आणि न विरघळणारा चोथा बनवतं. टोलनाक्यासारखं आहे: आधी पाण्याचा टोल भरायचा, मग उरलेल्या साबणाचा फेस. साबण कमी घेतला तर सगळा टोलमध्येच जातो. मी काटकसरी माणूस, ब्रश चकतीवर चार वेळा फिरवून थांबायचो, म्हणून मला जास्तच फटका बसला.

मग घरातली पाणी एकेक करून वापरली. पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्यात तोच साबण, तोच ब्रश: फेस घट्ट, चकचकीत, ब्रश उचलला की टोक वाकून तसंच राहतं. टँकरचं पाणी उकळून, निवळून घेतलं तर थोडा फरक पडला. उकळल्यावर बायकार्बोनेटवाला क्षार तळाशी बसतो, सल्फेट-क्लोराइडवाला तसाच राहतो. आणि फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं जे पाणी आम्ही फरशीसाठी साठवतो ते मुद्दाम वापरून पाहिलं. त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात. फेस आलाच नाही, वाटीत ताकासारखं काहीतरी तरंगत राहिलं. एका मित्राने चिमूटभर लिंबूसत्त्व टाकायला सांगितलं होतं. तयार साबणात नुसतं आम्ल टाकलं की साबण फुटून परत स्निग्धाम्ल होतो, उरलासुरला फेसही बसतो. साबण बनवताना जादा कॉस्टिकसोबत (तेलाचा साबण करणारा अल्कली) घातलं तर त्याचं सायट्रेट होतं आणि ते क्षार धरून ठेवतं. ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून डबी हातात आली की मी ती आधी उलटी करतो आणि मागची घटकांची यादी वाचतो. पहिली पाच नावं सगळ्यांची साधारण सारखीच: स्टिअरिक आम्ल, पाणी, खोबरेल किंवा पाम, आणि दोन कॉस्टिक. पोटॅशवाल्या कॉस्टिकने साबण मऊ आणि पटकन विरघळणारा होतो, सोडावाल्याने कडक होतो. अंघोळीच्या वडीत जवळपास सगळा सोडाच असतो. म्हणून तिचा फेस गालावर ठरत नाही, चेहरा मात्र ओढल्यासारखा होतो. खोबरेलातलं लॉरिक आम्ल झटपट मोठा फेस देतं, पण तो टिकत नाही आणि जास्त झालं तर कातडी कोरडी पडते. फेस टिकवण्याचं काम स्टिअरिकचं. बाजारातल्या बहुतेक ट्यूबवाल्या क्रीममध्येही हीच मंडळी असतात, फक्त पाणी जास्त. म्हणजे आपण पाण्याचेच पैसे मोजतो. ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपते, चकती वर्षभर पुरते. माझ्यासारख्याला एवढं कारण पुरे.

पण माझा जीव अडकलाय तो यादीच्या शेवटी, बारीक अक्षरात येणाऱ्या टेट्रासोडियम ईडीटीए या नावावर. हा पदार्थ कॅल्शियमला स्वतःच धरून बसतो, टोल परस्पर भागवतो. प्रमाण अगदी कमी असतं. पण बोअरच्या पाण्यात चंदनाचा वास, लाकडी डबी आणि शंभर वर्षांची परंपरा यांपेक्षा मला हे एक नाव जास्त भरवशाचं वाटतं. मित्र हसतात. कुठलाही साबण दाखवला की माझा पहिला प्रश्न तोच.

याचा पुरावा म्हणजे आर्को. तुर्की, कागदात गुंडाळलेली स्वस्त कांडी, थेट दाढीवर घासायची. त्यात चरबीचा साबण आणि ईडीटीए दोन्ही. वास सिट्रोनेलाचा, म्हणजे डासांच्या अगरबत्तीचा. सुरुवातीला मी तो बाथरूमच्या खिडकीबाहेर ठेवायचो. पण टँकरच्या पाण्यातही फेस येतो. कांडी थेट खुंटांवर घासली जाते, त्यामुळे साबण आपोआप भरपूर लागतो, हेही कारण आहेच. प्रोरासो या इटालियन साबणाची हिरवी डबीसुद्धा या पाण्यात चालते. निलगिरी आणि मेंथॉलने गाल गार पडतात. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चकवतं, प्रत्यक्षात गार काही होत नाही. मे महिन्यात सुख, डिसेंबरच्या पहाटे शिक्षा.

इथे घरचा एक मुद्दा. यादीत 'टॅलोएट' दिसलं की ती जनावराची चरबी, बहुतेक वेळा गाईगुरांची. आईने विचारलं, मी सांगितलं. "मग ते देवघराकडच्या फळीवर नको रे ठेवूस," एवढंच म्हणाली. आर्को तेव्हापासून बाथरूममध्येच असतो. चरबीच्या साबणाने कातडी मऊ राहते, असं जुने लोक ठामपणे सांगतात. मला तसा फरक जाणवला नाही. पामतेलातून काढलेलं स्टिअरिक आणि चरबीतलं स्टिअरिक हा रेणू एकच. फरक पडतो तो बाकीच्या स्निग्धाम्लांच्या प्रमाणाने. कट्टर शाकाहारी घर असेल तर काही बिघडत नाही, वनस्पतिजन्य घ्या, फक्त स्टिअरिक यादीत पहिलं किंवा दुसरं असू द्या.

यावरूनच एका ऑनलाइन दुकानाशी वाजलं. पानावर जुन्या, चरबीवाल्या डबीचा फोटो, घरी आली नवी वनस्पतिजन्य. मला चरबी हवीच होती असं नाही, पण जे दाखवलं ते द्या की. "सर, प्रॉडक्ट सेमच आहे." मी दोन्ही याद्या शेजारी ठेवून फोटो पाठवला. "सील उघडलंय, रिटर्न होणार नाही." सील उघडल्याशिवाय आतली चिठ्ठी वाचायची कशी, याला उत्तर आलं नाही. डबीची मागची बाजू दाखवणारा एक फोटो टाकायला या दुकानांना काय त्रास होतो?

आता लॅनोलिनवाल्याबद्दल. इथवर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्याला शेवटचा नंबर दिला होता, तो खोडतोय. फिल्टरचं पाणी वाटीभर घेऊन, ब्रश चकतीवर भरपूर फिरवून केला तर दाढीनंतर गाल दुपारपर्यंत तुकतुकीत राहतो. तुरटी फिरवली तरी झोंबत नाही. इतर कुठल्याही साबणाने हे दिलेलं नाही. पण रोज पिण्याचं पाणी दाढीला वापरायचं मनाला पटत नाही, एक वाटी गाळायला नळीतून किती पाणी वाया जातं ते डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तो रविवारी, आणि धरणाचं पाणी सुरळीत झालं की रोज.

रोजच्यासाठी सेला या मिलानच्या ब्रँडची मऊ पेस्ट घेतलीय, बदामाच्या वासाची. मऊ असल्याने ब्रशला झटकन भरपूर लागते आणि पाण्याचा टोल वसूल होऊनही फेस उरतो. अर्थात संपतेही लवकर. पण ती न्हाव्यांसाठी १ किलोच्या लादीतही मिळते. लादी मागवून मेहुण्याबरोबर अर्धी अर्धी करायचा विचार आहे. त्याच्याकडेही बोअरच आहे. कुणी लादी घेतली असेल तर उन्हाळ्यात ती सुकून कडक होते का, आणि कशात भरून ठेवता, तेवढं सांगा. सोबत मागच्या बाजूचा फोटो टाकायला विसरू नका.