कॅसेट उतरवून देणारं ग्रँट रोडचं दुकान: सिनेमावेड्यांना मनापासून शिफारस

घरात जुन्या व्हीएचएस कॅसेट पडून असतील तर त्यांच्यावर आणखी एक पावसाळा काढू नका. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं की एका आडगल्लीत, अरुंद लाकडी जिना चढून वर, कॅसेटवरचं चित्रण संगणकाच्या फाईलमध्ये उतरवून देणारं हे दुकान आहे. मुंबईत याहून चांगलं काम मला तरी कुठे मिळालेलं नाही. नाव इथे टाकत नाही, कारण दुकान चालवणारे काका एकटेच काम करतात आणि एकदम गर्दी झाली की हातातली कामं रखडतात, असं त्यांनीच सांगितलं. ज्याला खरोखर गरज आहे त्याने मला विचारावं, पत्ता देईन.

आमच्याकडचा साठा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. लालबागच्या चाळीत आयुष्य गेलं. भारतमाता थिएटरला लागलेला मराठी सिनेमा त्यांनी कधी चुकवला नाही. मित्रांबरोबर त्यांनी एक छोटं चित्रपट मंडळही चालवलं होतं. कधी साउंड रेकॉर्डिस्ट, कधी मेकअपमन, कधी आयुष्यभर गर्दीत उभे राहिलेले नट अशा माणसांना बोलवायचे आणि त्यांच्या गप्पा भाड्याच्या कॅमेऱ्यावर चित्रित करायचे. शिवाय दूरदर्शनवरून टेप केलेले सिनेमे आणि घरातली लग्नं, मुंजी. सगळं एकाच लोखंडी कपाटात, निम्म्या कॅसेटवर लेबलसुद्धा नाही.

दमट हवेने जे व्हायचं ते झालं होतं. बुरशी कॅसेटच्या खिडकीतूनच दिसते, रिळाच्या कडेला पांढरट भुकटीचे ठिपके असतात. अशी कॅसेट नेहमीच्या मशीनमध्ये घातली की टेप वाचणारं हेड खराब होतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. म्हणून काकांनी एक व्हीसीआर फक्त बुरशी लागलेल्या कॅसेटसाठी वेगळा ठेवलाय, झाकण काढलेला. त्यांनी माझ्यासमोर एक कॅसेट उघडली. खालचे पाच स्क्रू काढले, वरचा भाग अलगद उचलला आणि दोन्ही रिळं दुसऱ्या स्वच्छ कव्हरमध्ये बसवली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडातून टेप हाताने हळूहळू ओढून घेतली. कापडावर करडी रेघ उमटत होती. एका जागी टेप चुरगळली होती, तेवढी त्यांनी बोटाने सपाट केली, कापली नाही. "इथे दोन सेकंद चित्र फाटेल. पण कापली तर ते दोन सेकंद कायमचे गेले, ताई," म्हणाले. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ साली थांबली. त्यामुळे काकांचे सुटे भाग चोर बाजारातल्या बंद मशीनमधून येतात, आणि त्यांच्याकडच्या चालू मशीन आहेत तोवरच हे काम आहे. घाई करा म्हणते ती यासाठीही.

दर ताशी अडीचशे रुपये, बुरशी असेल तर वर दीडशे. स्वस्त नाही. पण एका कॅसेटच्या दोन फाईल मिळतात, एक जशीच्या तशी उतरवलेली मोठी आणि एक मोबाईलवर बघायची. मोठी फाईल दोन ठिकाणी जपून ठेवा, यूट्यूबवर चढवली म्हणजे जपली असं समजू नका, हे ते प्रत्येकाला बजावतात.

या दुकानाचं वेगळेपण पावती करतानाच कळतं. प्रत्येक कॅसेटसमोर काका तीन गोष्टी लिहून घेतात: आत काय आहे, चित्रित कोणी केलं, आणि फाईल घरात बघायची की लोकांसाठी टाकायची. याआधी मी उपनगरातल्या एका दुकानात एक कॅसेट दिली होती. त्यांनी आमच्या मंडळाच्या चित्रणावर स्वतःचा शिक्का उमटवला आणि त्यातला एक तुकडा न विचारता आपल्याच चॅनेलवर टाकला. वाद घातल्यावर काढला. ते आठवून मी काकांची वही बघत राहिले. मी फोर्टला एका वकिलांच्या ऑफिसात काम करते, कॉपीराइट कायद्याचं पुस्तक हाताशी असतं. काकांनी जे जे सांगितलं ते ताडून पाहिलं, आणि ते बरोबर होतं.

आत्याच्या लग्नाचीच कॅसेट घ्या. १९८९ साल, व्हिडिओवाल्याने सीमांतपूजनापासून पंगतीपर्यंत सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवलेली, मूळ आवाज जवळजवळ नाहीच. आतेभावाला ती यूट्यूबवर टाकायची होती. काकांनी विचारलं, "गाण्यांसकट टाकणार का?" लग्नसमारंभात गाणी वाजवायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे, पण ती समारंभापुरती. तेच गाणं चढवलेला व्हिडिओ जगाला दाखवायला ती पुरत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून आहे. हक्क असलेल्या कंपन्या आपल्या गाण्यांचे आणि सिनेमांचे नमुने तिथे देतात, आणि चढवलेला प्रत्येक व्हिडिओ त्यांच्याशी ताडला जातो. जुळला की दावा लागतो: बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे हक्कदाराला जातात, कधी व्हिडिओ अडवलाही जातो. स्ट्राइक ही त्याहून गंभीर गोष्ट. हक्कदाराने कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की ती लागते, आणि ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनेलच बंद होऊ शकतं. आमच्या त्या कॅसेटवरची गाणी काकांनी काढली आणि जिथे मूळ आवाज होता तिथे तो ठेवला. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आजीचा आवाज त्यामुळे पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला.

आपल्या सिनेमावेड्या मंडळींशी मला याबद्दलच कळकळीने बोलायचं आहे. ओळखीतल्या एका मुलाने जुन्या सहकलाकारांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या कॅमेऱ्यावर. त्याच चॅनेलवर त्याने अख्खे सिनेमेही टाकले, कारण लोक तेच बघायचे. सिनेमांवर तक्रारी आल्या, चॅनेल गेलं आणि मुलाखतीही गेल्या. मूळ फाईल त्याने ठेवल्या नव्हत्या. त्यातल्या काही व्यक्ती आता हयात नाहीत. सिनेमा कुठेतरी, कोणाकडे तरी असतो. त्या मुलाखती फक्त त्याच्याकडे होत्या. श्रेय दिलं की चालतं, दहा सेकंद टाकले तर कोणी काही करत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. कायद्यात असा सेकंदांचा हिशेब कुठेही नाही. समीक्षा किंवा परीक्षणासाठी तुकडा रास्त प्रमाणात वापरायला त्याच कलम ५२ मध्ये मुभा आहे, आणि प्रमाण रास्त आहे की नाही ते त्या त्या वापरावरून ठरतं.

जुन्या सिनेमांबद्दल मात्र थोडं खुशीत राहायला जागा आहे. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९५३ सालच्या 'श्यामची आई'चा चित्रपट म्हणून हक्क २०१३ अखेर संपला. पण गीतकार आणि संगीतकार यांच्या रचनांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. उदाहरणार्थ, गदिमा १९७७ साली गेले, त्यांनी लिहिलेल्या गाण्यांच्या शब्दांना २०३७ अखेरपर्यंत संरक्षण आहे. अण्णांच्या टेप केलेल्या सिनेमांसमोर काकांनी वहीत सरसकट 'घरात' असं लिहिलं. मला ते पटलं.

मंडळाच्या कॅसेटपैकी एक मात्र लोकांपुढे आली. एका साउंड रेकॉर्डिस्टचं तासाभराचं बोलणं: डबिंगच्या वेळी पावलांचे आवाज कसे काढायचे, पावसाचा आवाज कसा करायचा, मोठ्या गायिकेसमोर माईक कुठे ठेवायचा. चित्रण मंडळाचं, पण भाषणावरचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा. "त्यांच्या घरच्यांना विचारा," काका म्हणाले. मी त्यांच्या मुलीला शोधून फोन केला. वडिलांचा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिने लेखी परवानगी पाठवली आणि फाईलची एक प्रतही मागितली. भाषणात त्यांनी टीव्हीवर सिनेमाचा मिनिटभराचा प्रसंग लावून त्यातला आवाज समजावला आहे. तेवढ्यावर दावा आलाच. मी कलम ५२ चा आधार देऊन आक्षेप नोंदवला. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात. मुदतीच्या आत दावा मागे घेतला गेला. त्या व्हिडिओखाली साउंड शिकणारी मुलं आज प्रश्न विचारतात, आणि ती मुलगी जमेल तशी उत्तरं देते.

आता उणिवा. एका फाईलचं चित्र आडवं ताणलेलं होतं, चौकोनी पडद्याची माणसं रुंद दिसत होती. पुन्हा उतरवून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण दुसरी खेप झालीच. रंग जरा जास्त भडक करण्याची त्यांना सवय आहे, आधीच सांगितलं तर करत नाहीत. वेळ फार लागतो, महिना धरून चाला, बुरशी असेल तर अधिक. फोनवर चौकशी केलेली त्यांना आवडत नाही, समोर जाऊन कॅसेट दाखवावी लागते.

कॅसेट देण्याआधी प्रत्येकीवर नंबर टाका आणि घरातल्या जुन्या माणसांना विचारून आत काय आहे त्याची यादी करा, लेबलवर भरवसा ठेवू नका. हार्डडिस्क आपली न्या. शनिवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, तेव्हा पिशवी जड असेल तर खालून हाक मारा, काका स्वतः उतरून येतात.