मिरची: हिरवी विकावी, ओली लाल द्यावी की वाळवून ठेवावी?

बियाण्याची पुडी फोडण्याआधीच ठरवायची ही गोष्ट. बरेच जण ती दुसऱ्या तोड्यानंतर ठरवतात, तेव्हा उशीर झालेला असतो. हिरव्या बाजारासाठीचं वाण झाडावर लाल केलं तर रंग फिका येतो आणि साल सुरकुतत नाही, तुटते. लाल करायची मिरची हिरवी नेली तर व्यापारी दोन फळं दाबून बघतो आणि पाच रुपये खाली बोलतो.

माझं वावर नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. सासुरवाडीचं वावर चांदसैली घाटाच्या वर, धडगावकडे. पीक तेच, हिशेब मात्र वेगळा. म्हणून ‘मिरचीत काय परवडतं भो?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, घाटाच्या खाली की वर?

पाच फुटी सरी आणि सव्वा फुटावर रोप धरलं तर एकरी सात हजारांच्या आसपास झाडं बसतात. मल्चिंग, ठिबक, फवारण्या हा खर्च तिन्ही वाटांना जवळपास सारखाच. पानं आकसवणारा चुरडा-मुरडा रोग काही हिरवी-लाल बघून येत नाही. फरक सुरू होतो तोडणीपासून.

हिरवी पटापट तोडली की झाड पुन्हा फुलावर येतं. फळ लाल होईपर्यंत ठेवलं तर आणखी तीन-एक आठवडे ते झाडाचा जीव खातं आणि पुढची फुलं कमी लागतात. माझ्या अनुभवात शंभर किलो हिरवी देणारी झाडं लालवर ठेवली तर साठ-पासष्ट किलोच देतात. त्यात ओल्या लाल मिरचीत पाऊण हिस्सा पाणी. ती दहा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली की शंभर किलोची अठ्ठावीस किलोपेक्षा जास्त राहत नाही. म्हणजे शंभर किलो हिरवी सोडून दिली तर हातात अठरा किलो वाळलेली. हा आकडा ऐकूनच निम्मे लोक वाळवायचा नाद सोडतात. पण थांबा.

आकडे हिशेबापुरते धरा. हिरवीला २५ रुपये किलो भाव, तोडणी ६ रुपये, गोणी-भाडं-हमाली ३ रुपये. शंभर किलोमागे १,६०० रुपये उरले. तेवढेच उरायला पासष्ट किलो ओल्या लालला ३४ रुपयांच्या आसपास भाव हवा. अठरा किलो वाळलेलीला, तोडणी आणि भाडं धरून शिवाय वाळवणं-निवडणं याला दोनशे रुपये लावले, तर किलोला सव्वाशे रुपये. थोडक्यात, ओली लाल हिरवीच्या सव्वापटीहून बरीच वर आणि वाळलेली पाचपट हवी. पायथ्याशी हे सगळ्या वर्षी जमत नाही, म्हणून मी हिरवीवर आहे.

आता घाटाच्या वर चला. भाडं किलोला ५ रुपयांनी वाढलं असं धरलं तर हिरवीचे उरतात ११०० रुपये. वाळलेलीवर तेच भाडं पडतं, पण अठराच किलोंवर. त्यामुळे तिला शंभर-एकशे दोन रुपये मिळाले तरी बरोबरी होते, म्हणजे पाचपटीऐवजी चारपट. शिवाय यात मी दरड धरलेलीच नाही. पावसाळ्यात चांदसैलीत दरड आली की हिरवीच्या गोणी रात्रभर पिकअपमध्ये तापतात आणि सकाळी देठ काळे दिसतात. वाळलेली मिरची दोन दिवस थांबली म्हणून तिचं काही बिघडत नाही.

धडगावच्या लोकांना वाळवणं शिकवायलाही लागत नाही. उन्हाळ्यात आमचूर वाळतो तो खडक हिवाळ्यात मोकळाच असतो. सासूबाई मिरची पातळ पसरतात, दर दुपारी हाताने उलटतात आणि दव पडायच्या आत गोळा करतात. त्यांच्या मिरचीत फटकी, म्हणजे रंग उडालेली पांढरट मिरची, निघते ती मूठभर.

ओली लाल ही मधली वाट. नंदुरबारच्या बाजारात लिलावाला न्या, पैसे घ्या, घरी या. पुढे व्यापारी पथारीवर, म्हणजे मिरची पसरायच्या उघड्या मैदानावर, वाळवतो, देठं खुडून घेतो आणि धोकाही त्याचाच. हा धोका लहान नाही. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी अवकाळीने उत्तर महाराष्ट्र झोडपला, तसा पाऊस उघड्या पथारीवर आला की मालाची माती होते. पण पावसाचं सावट आलं की व्यापारी तो धोका भावात आधीच कापून घेतो, आणि झाडावर पिकलेल्या लालला फळकूज लागते ती आपल्या खात्यात. पायथ्याला, नंदुरबार-शहाद्याच्या टापूत, मजूर कमी असतील तर ही वाट बरी. घाटावरून ओल्या मिरचीतलं पाणी वाहून नेण्यात मला अर्थ दिसत नाही.

हिरवीवाल्यांनी सुरतचा भाव ऐकताना एक सांभाळा. तिथे मणाचा भाव बोलतात आणि मण वीस किलोचा. पहिल्या वर्षी फोनवर ‘साडेतीनशे’ ऐकलं आणि पुण्याच्या सवयीने मी ते दहा किलोचे समजलो. चौदा गोणी भरल्या. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली तेव्हा किलोला साडेसतरा पडले होते आणि त्यातून अडत, हमाली, तोलाई वेगळी कापलेली. अडत्या खोटं बोलला नव्हता, मीच विचारलं नव्हतं. आता मी आधी दोनच प्रश्न विचारतो: भाव किती किलोचा, आणि पट्टीतून काय काय कापणार?

वाळलेलीचं गिऱ्हाईक मार्च-एप्रिलमध्ये, वर्षाचं तिखट भरायच्या दिवसांत, घरबसल्या मिळतं. पाच-पाच किलो नेणाऱ्या बाया व्यापाऱ्यापेक्षा जास्त देतात. पण तोवर पैसा अडकून राहतो आणि कृषी केंद्राची उधारी दिवाळीतच दारात येते. घाटावरच्या मेव्हण्याला म्हणून मी सांगितलं, वाण लालचंच लाव. पहिले दोन तोडे मात्र हिरवे काढून धडगावच्या बाजारात दे, भाव कमी मिळाला तरी चालेल, त्यातून औषधाची उधारी फेड. मग झाड लालवर सोडून दे. आणि ताडपत्री ऑक्टोबरमध्येच घे, ढग आल्यावर दुकानदार तिचाही भाव वाढवतो.